कागदाचे पैसे कोणी भरले?

अग्रलेख कोणी लिहिला हे आपण चटकन विचारतो. कागदाचे पैसे कोणी भरले, हे सहसा विचारत नाही. वृत्तपत्रांच्या इतिहासात मात्र हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच निर्णायक ठरलेला दिसतो. म्हणून चिलीतील ‘एल मर्कुरिओ’ आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘न्यू नेशन’ ही दोन पत्रे आम्ही येथे शेजारी ठेवून पाहत आहोत. दोघांनाही परदेशी पैसा मिळाला. दोघांची कहाणी मात्र एक नाही.

‘एल मर्कुरिओ’ १८२७ मध्ये वाल्पाराइसो येथे सुरू झाले. सप्टेंबर १९७० मध्ये समाजवादी साल्वादोर आयेंदे निवडणुकीत पहिले आले, तेव्हा पत्राचे मालक आगुस्तिन एडवर्ड्स यांनी वॉशिंग्टन गाठून हेन्री किसिंजर आणि सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांची भेट घेतली. पुढे या दैनिकासाठी सप्टेंबर १९७१ मध्ये सात लाख आणि एप्रिल १९७२ मध्ये ९ लाख ६५ हजार डॉलर गुप्तपणे मंजूर झाले. आयेंदे सरकारच्या काळात जाहिराती आटल्या होत्या, पत्राची आर्थिक कोंडी झाली होती, हे खरेच. परंतु ती कोंडी कोणी फोडली, हे चिलीच्या वाचकाला कळले नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने हा व्यवहार अहवालात मांडला तो डिसेंबर १९७५ मध्ये.

हे दैनिक आयेंदे यांच्या विरोधात आधीपासूनच होते. तेव्हा पैशाने मत विकत घेतले, असे म्हणता येणार नाही. पैशाने त्या मताचा आवाज वाढवला आणि त्यामागचा हात झाकला. वाचकाला जे स्वदेशीयांचे भांडण वाटत होते, त्यात एक तिसरा पक्ष बसलेला होता. सत्तांतरानंतर डावी वृत्तपत्रे बंद पडली, हे उरले. जुलै १९७५ मध्ये याच समूहाच्या ‘ला सेगुंदा’ने, बेपत्ता झालेले डावे कार्यकर्ते परदेशात उंदरांसारखे मारले गेले, अशा अर्थाचा मथळा छापला. वस्तुतः त्यांना चिलीच्याच गुप्त पोलिसांनी उचलले होते. हा मथळा परदेशी पैशाने लिहिला असे आम्ही म्हणत नाही. वाचकाला अंधारात ठेवण्याची सवय एकदा जडली की ती हिशेबाच्या वहीपुरती राहत नाही, एवढेच आम्हाला दिसते.

‘न्यू नेशन’ची गोष्ट निराळी. वर्णभेदाच्या ऐन आणीबाणीत, १९८६ मध्ये, कॅथलिक बिशपांच्या परिषदेने हे साप्ताहिक काढले. वाचक कृष्णवर्णीय कामगार. मोठे जाहिरातदार त्यांच्याकडे वळणारे नव्हते. युरोपातील देणग्यांवर ते चालले, आणि ही गोष्ट झाकलेली नव्हती. संपादक झ्वेलाखे सिसुलू यांना डिसेंबर १९८६ मध्ये अटक झाली. खटल्याविना सुमारे दोन वर्षे ते कोठडीत होते. १९८८ मध्ये सरकारने साप्ताहिकावर तीन महिन्यांची बंदी घातली. तरीही ते टिकले.

ते बंद पडले स्वातंत्र्य आल्यावर, १९९७ मध्ये. १९९० नंतर देणगीदारांचे लक्ष अन्यत्र वळले. आणि दडपशाहीशी झुंजण्यात गेलेल्या वर्षांत वर्गणी, जाहिरात, वितरण यांची घडी बसलीच नव्हती. जे काम सरकारच्या बंदीला जमले नाही, ते पैसा थांबल्याने झाले. दक्षिण आफ्रिकेने २००२ मध्ये छोट्या माध्यमांना साहाय्य करणारी वैधानिक संस्था स्थापन केली, ती अशा अनुभवानंतर.

तात्पर्य काय? परदेशी पैसा म्हणजे पाप, हा निष्कर्ष ‘न्यू नेशन’समोर टिकत नाही; हेतू चांगला तर सारे चांगले, हाही टिकत नाही. गुप्त पैसा वाचकाचा विश्वास खातो. उघड पैसा विश्वास राखतो, पण पत्राचा श्वास दूरच्या कुणाच्या तरी अंदाजपत्रकाला बांधतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत अचानक रोखली आणि कित्येक देशांतील स्वतंत्र वृत्तमाध्यमांना माणसे कमी करावी लागली, तेव्हा हेच पुन्हा दिसले.

म्हणून कोणतेही पत्र हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते: हा पैसा कुणाचा, हे मला सांगितले आहे काय? आणि तो उद्या थांबला, तर हे पत्र जगवण्याइतके आपण त्याचे वाचक आहोत काय? पहिल्याचे उत्तर संपादकाने द्यायचे आहे. दुसऱ्याचे आपण.