रेच्यावरच्या बाया

गिरणी कामगार म्हटले की साहित्याच्या वर्गात गिरणगाव येते, नारायण सुर्वे येतात, १९८२चा संप येतो. परभणी जिल्ह्यात शिकवताना आम्हांला या चित्रातली एक जागा सतत रिकामी वाटत आली आहे. कापसाचे सूत होण्याआधी त्याची सरकी काढावी लागते; ते काम करणाऱ्या बायांची मराठी कथेने फारशी विचारपूस केलेली नाही.

हातरेच्यावर सरकी काढणे हे एकेकाळी घरातले, बहुधा बायकांचेच काम. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे गेली आणि सेलू, मानवत, परभणी या पट्ट्यात यंत्राचे रेचे उभे राहिले. काम घराबाहेर पडले, पण त्याच्यामागोमाग बायाही गेल्या. आवारातल्या ढिगातून टोपल्या भरायच्या, रेच्यापर्यंत वाहायच्या, हाताने कापूस सारत राहायचे, नाकातोंडात कस्तर. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम २७ने गाठी बांधण्याच्या कारखान्यात, जिथे कापूस पिंजणारे यंत्र चालते तिथे, बायकांना मज्जाव केला. आडभिंत असेल तर यंत्राच्या तोंडाशी कापूस घालण्यापुरती सवलत ठेवली. म्हणजे कायद्याने त्यांच्यासाठी उघडे ठेवलेले दारही टोपलीचेच होते! हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य.

मग २०००मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले. स्वच्छ रुई हवी, कापसाला माणसाचा हात कमीत कमी लागावा, हे धोरण. वाहक पट्टे आले, रेच्याला आपोआप कापूस पुरवणारी यंत्रे आली. धूळ कमी झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु यंत्राने प्रथम जागा घेतली ती टोपलीची. फिटर, ऑपरेटर ही कामे बहुतेक पुरुषांकडे राहिली. ‘कामगार कमी झाले’ असे मोघम वाक्य आम्हांला म्हणूनच अपुरे वाटते.

वेचणीचे मात्र उलट. सगळी बोंडे एकदम फुटत नाहीत, शेते लहान. त्यामुळे आपल्याकडे कापूस आजही हातानेच वेचला जातो, आणि वेचणाऱ्या बहुतेक बायाच. २०२५मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲप आणले. नोंदणीला आधार लागते, जमिनीची कागदपत्रे लागतात. बटईने कसणाऱ्याला सातबारावरच्या मालकाचे तोंड पाहावे लागते. वेचणारीचा तर तिथे रकानाच नाही. तिचा हिशेब संध्याकाळी बांधावर, काट्याला अडकवलेल्या गाठोड्याच्या किलोंवर होतो.