उद्योजक-गुंतवणूकदार दूरचित्रवाणी कार्यक्रम

नवी व्यवसायकल्पना किंवा नुकताच सुरू केलेला उद्योग उद्योजकाने सधन गुंतवणूकदारांसमोर मांडणे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि भांडवलाच्या मोबदल्यात आपल्या उद्योगातील हिस्सा देऊ करणे, हा व्यवहार चित्रित करून प्रेक्षकांना दाखविणारा दूरचित्रवाणीवरील एक कार्यक्रमप्रकार. तो २००१ मध्ये जपानमध्ये उदयास आला व पुढील दोन दशकांत चाळीसहून अधिक देश-प्रदेशांत पसरला. पात्रांऐवजी प्रत्यक्ष व्यक्तींच्या वर्तनावर आधारलेल्या ‘रिअ‍ॅलिटी शो’ या वर्गात त्याचा समावेश होतो. तथापि येथे विजेत्यास बक्षीस मिळत नाही. गुंतवणूकदार स्वतःचा पैसा घालतो व त्यावर लाभाची अपेक्षा धरतो. हाच त्याचा इतर स्पर्धात्मक कार्यक्रमांहून मुख्य भेद होय.

पार्श्वभूमी : तारण ठेवण्याजोगी मालमत्ता नसलेल्या नव्या उद्योगास बँका सहसा कर्ज देत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साहस-भांडवलाची पद्धत रूढ झाली. ज्यॉर्ज डोरिओ (१८९९–१९८७) हे प्रमुख संस्थापक असलेली ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ (१९४६) ही तीमधील अग्रेसर संस्था. १९५७ मध्ये तिने ‘डिजिटल इक्विपमेंट’ या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर गुंतविले व त्यावर प्रचंड नफा मिळविला. स्वतःच्या पैशातून नवोद्योगांना साहाय्य करणाऱ्या व्यक्तींना ‘एंजल’ (देवदूत) म्हणण्याचा प्रघात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील धनिक आश्रयदात्यांवरून पडला. अशा वाटाघाटी बंद दाराआड होत. दूरचित्रवाणीने त्या प्रथमच सर्वसामान्यांसमोर आणल्या.

उगम व प्रसार : जपानमधील निप्पॉन टेलिव्हिजनने ऑक्टोबर २००१ मध्ये ‘माने नो तोरा’ (पैशाचे वाघ) हा कार्यक्रम सुरू केला. त्या काळात जपानी अर्थव्यवस्था दीर्घ मंदीत होती आणि बुडीत कर्जांनी ग्रासलेल्या बँका नवे कर्ज देण्यास कचरत होत्या. समोर नोटांच्या गड्ड्या ठेवून बसलेले उद्योगपती आणि त्यांच्यापुढे एकटा उभा असलेला उमेदवार, हे दृश्य त्यामुळे प्रेक्षकांना विशेष भिडले. मागितलेली संपूर्ण रक्कम जमली तरच ती मिळे. अन्यथा काहीच मिळत नसे. कार्यक्रम मार्च २००४ मध्ये संपला. त्यातील काही ‘वाघां’च्याच कंपन्या पुढे दिवाळखोरीत निघाल्या.

ग्रेट ब्रिटनमध्ये बीबीसीने जानेवारी २००५ मध्ये ‘ड्रॅगन्स डेन’ (ड्रॅगनांची गुहा) या नावाने हाच आराखडा स्वीकारला व पूर्ण रकमेचा नियमही कायम ठेवला. ऑस्ट्रेलिया (२००५), कॅनडा (२००६) इ. देशांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकेत मार्क बर्नेट यांनी निर्मिलेला ‘शार्क टँक’ एबीसी वाहिनीवर ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाला. जर्मन आवृत्तीचे (२०१४) नाव ‘सिंहांची गुहा’ या अर्थाचे आहे. वाघ, ड्रॅगन, शार्क, सिंह अशी हिंस्र प्राण्यांची नावे अनेक ठिकाणी योजलेली दिसतात. ‘देवदूत’ या जुन्या संज्ञेशी त्यांचा विरोध लक्षणीय आहे : भांडवलदार साहाय्यकर्ता असला, तरी कार्यक्रमाची रंगत त्याच्या भयावर उभी आहे.

स्वरूप : उद्योजक प्रथम हवी असलेली रक्कम व तिच्या मोबदल्यातील हिस्सा सांगतो. या दोहोंवरून त्याने आपल्या उद्योगाचे केलेले मूल्यांकन निघते. उदा., ब्रिटनमध्ये २००७ साली लेव्ही रूट्स या संगीतकाराने आपल्या चटणीच्या (सॉस) व्यवसायासाठी ४० टक्के हिश्श्याच्या बदल्यात ५०,००० पौंड मिळविले; म्हणजे संपूर्ण व्यवसायाची किंमत १,२५,००० पौंड ठरली. अमेरिकेत २०१२ साली ‘स्क्रब डॅडी’ या भांडी घासण्याच्या स्पंजासाठी २० टक्क्यांना २,००,००० डॉलर मिळाले. म्हणजे मूल्यांकन १० लाख डॉलर झाले. हिस्सा जितका अधिक द्यावा लागतो, तितकी उद्योजकाची मालकी व भावी नफा कमी होतो. पडद्यावरील घासाघीस प्रामुख्याने याच मुद्द्यावर चालते. काही वेळा हिश्श्याऐवजी कर्ज किंवा प्रत्येक विक्रीमागे स्वामित्वशुल्क अशाही अटी पुढे येतात.

पडद्यावरील हस्तांदोलन म्हणजे कायदेशीर करार नव्हे. चित्रीकरणानंतर हिशेब, मालकीहक्क, एकस्वे, देणी यांची तपासणी होते आणि तीत कित्येक व्यवहार बदलतात किंवा मोडतात. शिवाय प्रत्यक्षात दीर्घकाळ चाललेली चर्चा संकलनानंतर काही मिनिटांची उरते.

भारत : सोनी वाहिनीवर ‘शार्क टँक इंडिया’ २० डिसेंबर २०२१ रोजी हिंदीत सुरू झाला. अनुपम मित्तल, अमन गुप्ता, पियुष बन्सल, विनिता सिंग, गझल अलघ, अशनीर ग्रोव्हर हे पहिल्या पर्वातील गुंतवणूकदार आंतरजालाच्या काळात उभ्या राहिलेल्या कंपन्यांचे संस्थापक वा सहसंस्थापक होते. सातव्या, नमिता थापर, पुण्यातील ‘एम्क्युअर’ या औषधनिर्मिती कंपनीच्या संचालक. त्याच पर्वात मालेगाव परिसरातील एका शेतकरी कुटुंबातील तरुणाने फवारणी इ. कामांसाठी सायकलचे भाग वापरून बनविलेले अवजार सादर केले. त्यास बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख रुपये व बिनव्याजी २० लाख रुपये कर्ज देऊ केले. अवजारामागील खरी गरज परीक्षकांना मान्य होती. व्यवसायाची घडी मात्र बसलेली नव्हती. संशोधक वृत्ती व उद्योजकता या भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने असंख्य प्रेक्षकांना दाखविले. ‘इक्विटी’, ‘व्हॅल्यूएशन’ यांसारखे शब्द या कार्यक्रमामुळे घरगुती बोलण्यात रुळले.

मूल्यमापन : गुंतवणूकदारांचा निवाडा अचूक असतोच असे नाही. ब्रिटनमध्ये २००६ साली लहान मुलांच्या ‘ट्रंकी’ या बॅगेचा पट्टा परीक्षकाच्या हातून तुटला व व्यवहार झाला नाही. पुढे तिचा जगभर खप झाला. अमेरिकेत जेमी सिमिनॉफ यांना २०१३ साली १० टक्क्यांसाठी मागितलेले ७,००,००० डॉलर मिळाले नाहीत; एकाने देऊ केलेल्या अटी त्यांनी अमान्य केल्या. त्यांची दारघंटा बनविणारी ‘रिंग’ ही कंपनी २०१८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. अशा उदाहरणांत प्रसिद्धीचा वाटा भांडवलाहून मोठा ठरतो आणि म्हणूनच नकार मिळालेले उमेदवारही पूर्णतः रिकाम्या हाताने परतत नाहीत.

या प्रसिद्धीची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न वादग्रस्त ठरला. अमेरिकी कार्यक्रमात प्रारंभी केवळ सहभागासाठी उद्योजकाला आपल्या कंपनीचा ५ टक्के हिस्सा किंवा नफ्याचे २ टक्के देण्याची अट मान्य करावी लागे. व्यवहार न झाला तरी ती लागू असे. मार्क क्यूबन या गुंतवणूकदाराच्या आग्रहामुळे ती २०१३ मध्ये रद्द झाली.

मूल्यांकन, नफ्याचे प्रमाण, मालाचा उत्पादनखर्च यांचे प्राथमिक ज्ञान या कार्यक्रमांनी लोकांपर्यंत पोचविले आणि नोकरीबाहेरील वाट प्रतिष्ठित केली, हे मान्य करावे लागते. उलटपक्षी, उद्योग उभारण्यातील वर्षानुवर्षांचे कष्ट पाच-दहा मिनिटांच्या नाट्यात बसविल्यामुळे भांडवल मिळणे म्हणजेच यश, असा समज बळावतो. शब्दचातुर्य व आकर्षक आत्मकथा यांना मालाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व येते, आणि सावकाश परंतु स्थिरपणे वाढणारे लहान धंदे निवडीतच मागे पडतात. बहुसंख्य व्यवसाय आजही मालकाची बचत, आप्तेष्टांची मदत आणि बँकांचे कर्ज यांवरच चालतात. त्यांची कहाणी चित्रित होण्याजोगी नसली, तरी देशाच्या उद्योगजीवनाचा पाया तीच आहे.