बैठक, सांधेरोपणानंतरची

खुबा, गुडघा आणि घोटा एकदम वाकवून खाली जाण्याचा व पुन्हा उभे राहण्याचा व्यायाम म्हणजे बैठक. खांद्यावर बार घेतला की तिचाच स्क्वॉट होतो. कृत्रिम सांधा बसवलेल्या ज्येष्ठाला ती पहिल्यापासून शिकावी लागते, मग तरुणपणी तालमीत शेकड्यांनी बैठका मारलेल्या का असेनात.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये पॉलिएथिलिनच्या वाटीचा कृत्रिम खुबा यशस्वी केला. गुडघ्याचा आधुनिक सांधा १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडला. त्यात जॉन इन्सॉल यांच्याबरोबर चित्तरंजन राणावत होते. अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया केली ती राणावतांनीच. हे सांधे मुळात खुर्चीवर बसणाऱ्या समाजात घडले. मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या भारतीयांचा विचार करून पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा तयार केला.

बैठकीने नवा गुडघा झिजेल, ही भीती घरोघरी असते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार आला, जिना उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. आणि गुडघे वाकवून उठताना जवळपास चालण्याइतकाच. म्हणजे बिनवजनाची, बेताची बैठक हे काही अघोरी साहस नव्हे. खोली आणि बारवरचे वजन वाढले की मात्र हिशेब बदलतो.

खोली ठरवतो तो सांधा. बदललेला गुडघा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण उकिडवे बसायला त्याहून जास्त लागते. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या खुब्याला सुरुवातीच्या काळात ९० अंशांपलीकडे वाकवणे आणि मांडी आत वळवणे वर्ज्य असते, कारण सांधा निखळू शकतो. म्हणून शल्यचिकित्सकाची परवानगी मिळाल्यावर शिकवणी सुरू होते ती खुर्चीपासून, तीही उंच. पाय खांद्याइतके फाकलेले, चवडे किंचित बाहेर, गुडघे चवड्यांच्याच दिशेने. आधी कंबर मागे जाते, बूड खुर्चीला टेकते न टेकते तोच उठायचे. देशी बैठकीत टाचा उचलतात आणि गुडघे खूप पुढे जातात. जुन्या पैलवानाला ही सवय मोडणे सर्वांत जड जाते. इथे टाचा जमिनीवरच राहतात. पुढे छातीशी एक डंबेल धरले की तोल सावरतो आणि पाठ ताठ राहते. श्वास कोंडायचा नाही, विशेषतः रक्तदाब असेल तर, उठताना सोडायचा.

खरा दोष आरशात पटकन दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू दुबळा पडतो आणि माणूस नकळत चांगल्या पायावर रेलतो. दुखणे थांबले तरी ही खोड टिकते, आणि ज्या पायाचे ऑपरेशन झालेले नाही तो जास्त राबत राहतो. दोन पायांखाली दोन वजनकाटे ठेवले की फरक आकड्यांत समोर येतो. वजन वाढवण्याआधी तो कमी करणे हेच पहिले काम.

भारी वजनाचे टोक गाठले ते शरीरसौष्ठवपटूंनी. १९९८ ते २००५ अशी सलग आठ वर्षे मिस्टर ऑलिंपिया ठरलेल्या रॉनी कोलमन यांनी ८०० पौंडांचे, म्हणजे सुमारे ३६३ किलोंचे स्क्वॉट केले होते. पुढे त्यांचे दोन्ही खुबे बदलावे लागले, मणक्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, कुबड्या आल्या. व्यायामशाळा सुटली नाही, वजने मात्र हलकी झाली.

बैठकांनंतर दुसऱ्या दिवशीही गुडघा सुजलेला राहिला, तर खुर्ची पुन्हा उंच करतात. सांधा गरम लागला, ताप आला किंवा खुब्यात अचानक कळ येऊन पाय टेकवेना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.