ताम्रपट ते बल्लारशा

चांदा म्हटले की आपल्याला गोंडराजांचा परकोट आठवतो, महाकालीची चैत्रातली यात्रा आठवते, ताडोबाचे वाघ आठवतात आणि कोळसा आठवतो. चर्च काही आठवत नाही. आठवलेच, तर ते साहेबाचे असते. कलेक्टरच्या बंगल्यापासून फार दूर नसलेले, उंच खिडक्यांचे, आपल्याला आत यायचा अधिकार आहे की नाही असा संभ्रम पाडणारे. तशी चर्चे या मुलखात आली होती, यात शंका नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाने चांद्याला मिशन काढले होते. पण आज मला जे सांगायचे आहे ते निराळ्याच चर्चविषयी. त्याच्याबरोबर साहेब नव्हता. ते केरळातून, मद्रासला गाडी बदलून, ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसच्या मार्गाने बल्लारशाला उतरले.

तारीख 31 मार्च 1962. त्या दिवशी रोमहून चांद्याचे एक स्वतंत्र धर्मक्षेत्र जाहीर झाले. नागपूरच्या आर्चबिशपांच्या विस्तीर्ण प्रांतातून हा मुलूख तोडून काढला आणि केरळच्या सीरो-मलबार चर्चच्या हवाली केला. कारभार पाहायचा होता तो सी. एम. आय. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कार्मेलच्या परंपरेतल्या केरळी संन्यासी संघाने. वाचकांना ही कचेरीतली फाइल इकडून तिकडे सरकावण्यातली बाब वाटेल. पण या कागदामागे अकराशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास मुख्यत्वे पाहुण्यांचा आणि यजमानांचा आहे.

केरळात कोल्लम नावाचे बंदर आहे. इसवी सन 849 च्या सुमारास तिथे वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ याने तांब्याचे पत्रे कोरून घेतले. समुद्रापलीकडून आलेल्या मारुवान सापिर ईशो नावाच्या व्यापाऱ्याने तरिसापळ्ळी हे चर्च बांधले होते. त्या चर्चला जमीन दिली, करांची माफी दिली, वजनमापाचे आणि व्यापाराचे हक्क दिले. साक्षीदारांच्या सह्या अरबी लिपीत आहेत, पहलवीत आहेत, आणि हिब्रू लिपीत लिहिलेल्या फारसीतही आहेत. म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या दानपत्रावर मुसलमान, पारशी आणि यहुदी व्यापारी साक्षीला बसले, आणि देणारा राजा हिंदू. हे पत्रे अजून आहेत; काही कोट्टयमला, काही तिरुवल्ल्याला.

हे वाचून मन प्रसन्न होते. पण त्याच ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. राजाने चर्चला जमिनीबरोबर माणसेही दिली. ईळव जातीची कुटुंबे, परटाचे कुटुंब, अशी नोंद आहे. समुद्रापलीकडच्या पाहुण्याला पाट मांडला, आणि घरचीच माणसे पाटाबरोबर आंदण दिली. पुढे आपल्याला याची आठवण ठेवावी लागणार आहे.

तर या चर्चची माणसे स्वतःला संत थॉमसची लेकरे मानतात. इसवी सन 52 मध्ये येशूचा शिष्य थॉमस मलबार किनाऱ्यावर उतरला अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांची उपासना सीरियाक भाषेत, म्हणजे येशूच्या मातृभाषेच्या जवळच्या नातलग भाषेत चाले. घरात समईसारखा निलविळक्कू, फक्त वर क्रूस. लग्नात वधूच्या गळ्यात आपल्या मंगळसूत्राच्या जातीचे मिन्नू. मग पोर्तुगीज आले. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती माणूस भेटला, तेव्हा आनंद व्हायला हवा होता; पण पोर्तुगीजांना या लोकांचे ख्रिस्तीपण अशुद्ध वाटले. 1599 साली गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि त्यांच्या कित्येक सीरियाक पोथ्या अग्नीत गेल्या. 3 जानेवारी 1653 रोजी मट्टांचेरीला लोकांनी शपथ घेतली की यापुढे या परक्यांचे ऐकणार नाही. क्रूसाला दोर बांधून, ज्यांचा हात क्रूसापर्यंत पोचेना त्यांनी दोर धरून शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांच्यात फूट पडली. एक मोठा गट रोमकडे राहिला, पण लॅटिन बिशपांच्या हाताखाली. 1887 साली त्यांचा कारभार वेगळा झाला, आणि 1923 साली त्यांना स्वतःची पूर्ण धर्मसत्ता मिळाली.

मिळाली खरी, पण कुंपणासकट. उत्तरेला भारतपुळा नदी, दक्षिणेला पंबा नदी. या दोन नद्यांमध्ये तुमचा अधिकार, पलीकडे लॅटिन. 1955 साली हे कुंपण थोडे सरकले, तेही दक्षिण भारतापुरते. उत्तरेत कितीतरी मिशनांचे काम केरळी पाद्र्यांच्या आणि जोगिणींच्या खांद्यावर चालले होते. पण तिथे जायचे तर आपली रीत घरी ठेवून लॅटिन रीत उचलावी लागे. 'ये, तुझे स्वागत आहे. फक्त तुझी भाषा, तुझी प्रार्थना, तुझ्या आजीने शिकवलेली गाणी बाहेर चपलांजवळ ठेव.' अशा स्वागतात माणूस आत जातो, जेवतो, झोपतो. पण ते घर त्याचे होत नाही. सासरी नाव बदललेल्या किती बायकांनी हे मुकाट्याने सोसले आहे, ते आपल्या घरांतून वेगळे सांगायला नको.

म्हणून 1962 महत्त्वाचे. केरळबाहेर या चर्चला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रीतीने मिळालेले पहिले मिशनक्षेत्र म्हणजे चांदा. योग असा की त्याच वर्षी 3 जुलैला, संत थॉमसच्या सणाला, त्यांची उपासना सीरियाकमधून मल्याळममध्ये आली. आपली प्रार्थना आपल्याच बोलीत प्रथमच उमटत असताना ही माणसे वर्धा नदीच्या काठी येऊन पोचली, आणि तिथे मल्याळम कुणाला येत नव्हते!

त्यांनी मुक्काम केला बल्लारपूरला. गोंडराजांची ही जुनी राजधानी. खांडक्या बल्लाळशहाचा किल्ला नदीकाठी आहे. स्टेशनाचे नाव बल्लारशा. काझीपेटपर्यंतचा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास सरळ गाडी सुरू झाली ती 1929 साली, आणि तेव्हापासून दक्षिणेचा दरवाजा इथे उघडला. 1945 साली बांबूपासून कागद करणारी गिरणी निघाली. कोळशाच्या खाणी होत्याच. पुढे भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आला, ऐंशीच्या दशकात दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र आले. एवढ्या उद्योगांना माणसे लागतात. तेलंगणातून खाणमजूर आले, छत्तीसगडातून आले, उत्तरेकडून आले. आणि केरळातून टंकलेखक, फिटर आणि परिचारिका आल्या.

या परिचारिकांचे मला फार वाटते. विशीतली मुलगी, घरच्या धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार डोक्यावर. समुद्र, नारळ आणि पाऊस सोडून ती वैशाखातल्या चांद्यात उतरते, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि ताटात मासळीऐवजी तुरीचे वरण असते. आठवड्यातले सहा दिवस ती 'सिस्टर' असते. रविवारी चर्चमध्ये तिला कुणीतरी घरच्या नावाने हाक मारते. केरळात माणसाच्या नावाआधी घराण्याचे नाव लावायची चाल आहे; ते नाव ओळखणारे माणूस भेटले की अर्धे गाव भेटल्यासारखे होते. तिथेच कुणाला खोली मिळते, कुणाला नोकरीची बातमी मिळते, कुणाचे लग्न ठरते. परमुलखात देवळाचा उपयोग देवासाठी असतो त्याहून कणभर जास्तच माणसासाठी असतो, असे मला वाटते. मुंबईत गिरणगावच्या कोकणी माणसाला गावकीच्या खोलीने आणि गणेशोत्सवाने जे दिले तेच हे.

पण नेमकी इथेच ग्यानबाची मेख आहे. जे घर मल्याळी माणसाला जितके ऊबदार, तितके ते दारातल्या मराठी, तेलुगू किंवा गोंड माणसाला परके वाटण्याचा धोका. सगळे आपापसांत भराभर बोलताहेत, हसताहेत, आणि नवखा शेवटच्या रांगेत पुस्तक उलटे धरून उभा! चर्च मल्याळी मंडळ झाले असते तर कुणी दोष दिला नसता. मुंबई-पुण्याकडच्या स्थलांतरितांसाठी 1988 साली या चर्चने कल्याणचा धर्मप्रांत काढला, तो मुख्यतः आपल्या लेकरांना आपली रीत मिळावी म्हणूनच. चांद्याचे तसे नव्हते. चांदा मिशन म्हणून दिले होते, म्हणजे दुसऱ्यांसाठी दार उघडायला. चार शतके ज्यांना दुसऱ्याच्या दारात चपला आणि भाषा दोन्ही काढून ठेवायला लागली, त्यांच्याच हाती आता दाराची कडी आली.

आणि दार उघडायचे तर कुणासाठी? ताम्रपटातली ती आंदण दिलेली माणसे आता आठवावी. केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजात कुळाचा अभिमान मोठा. पुलय जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना तिथे शतकानुशतके दूर बसावे लागले, हे तिथल्या ख्रिस्ती अभ्यासकांनीच लिहून ठेवले आहे. आणि ही मंडळी आली कुठे? चांद्याला. जिथे अवघ्या साडेपाच वर्षांपूर्वी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अफाट जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली होती. कुणाच्या देवळात शेवटच्या रांगेत उभे राहण्यासाठी परवानगी मागायची नाही, असे ठरवलेली माणसे होती ही. अशा गावात कुळाचा तोरा घेऊन बसणाऱ्या चर्चला कोण विचारणार?

या नव्या क्षेत्राचे पहिले प्रमुख जानुआरियस पालात्तुरुत्ती. 1977 साली क्षेत्राला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला तेव्हा तेच पहिले बिशप झाले आणि 1990 पर्यंत राहिले. त्यांच्या संघाला शाळा काढायची जुनी खोड. संघ 1831 साली केरळात मान्नानमला स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा यांनी 1864 मध्ये आज्ञा काढली होती की प्रत्येक चर्चला जोडून शाळा हवी. मल्याळममध्ये शाळेला 'पळ्ळिक्कूडम' म्हणतात, आणि त्या शब्दातले 'पळ्ळी' म्हणजे देऊळ. त्याच सवयीने चांद्यात आणि आसपास कार्मेलच्या नावाच्या शाळा निघाल्या. चंद्रपूरला ख्रिस्त हॉस्पिटल झाले, ब्रह्मपुरीला ख्रिस्तानंद. इंग्रजी शाळेपुढे पहाटे रांग लावणारा आपला मध्यमवर्ग या शाळांचा मोठा चाहता. माझ्यातल्या मराठी मास्तराला त्याचे थोडे दुःख आहे, पण ते या निबंधाच्या बाहेरचे.

शाळा-दवाखान्यांवरून धर्मांतराचा आक्षेप निघतो, तोही टाळून चालणार नाही. गरजवंताला औषध देताना देव पुढे करणे मला पटत नाही, मग तो कुणाचाही असो. पण इतक्या वर्षांनंतरही या जिल्ह्यांत ख्रिस्ती माणसे मूठभरच आहेत आणि शाळा-दवाखान्यांत गर्दी बाकीच्यांचीच आहे, हे कुणालाही दिसते.

खरी परीक्षा जंगलात होती. केरळी पाद्री मोठ्या कष्टाने मराठी शिकला. 'ळ' तर त्याला आपल्यापेक्षा चांगला येतो! या मातीत परक्याने मराठी शिकण्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने 1616 साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापले, ते आपण अजून अभिमानाने सांगतो. पण गडचिरोलीच्या दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीच्या रानात पोचल्यावर कळते की मराठीसुद्धा तिथे पाहुणीच. माडिया माणसाला ती जंगल खात्याच्या गार्डची आणि तलाठ्याची भाषा. 1973 साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा वरोऱ्याहून गेलेल्या मराठी कार्यकर्त्यांनाही माडिया बोली पहिल्यापासून गिरवावी लागली. तिथे केरळचा फादर आणि विदर्भाचा डॉक्टर एकाच यत्तेत. रान कुणाला आपले म्हणायचे ते रानातली माणसे ठरवतात, आणि ती घाई करीत नाहीत. पावसाळ्यात नाले भरून रस्ते तुटले की आलेला माणूस राहतो की पळतो, एवढे ती पाहतात.

बल्लारपूरचे मुख्य चर्च संत थॉमसच्या नावाचे आहे. प्रार्थना मल्याळममध्ये होतात, तशा मराठीत आणि हिंदीतही होतात. पालात्तुरुत्तींच्या मागून आलेल्या बिशपांचे नाव विजय आनंद नेडुम्पुरम्. पुढचा अर्धा भाग आपल्याकडच्या कुणा शेजाऱ्याचा असावा असा, मागचा अर्धा मल्याळी. ते 2014 पर्यंत होते. दरम्यान 1964 साली चांद्याचे चंद्रपूर झाले, 1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण धर्मप्रांताचे नाव मात्र 'चांदा'च राहिले. जुन्या वळणाची आपली म्हातारी माणसे आणि हे केरळी चर्च, एवढेच आता चांद्याला चांदा म्हणतात.

या धर्मप्रांताला पुढे वर्धा आणि पलीकडचा आदिलाबादही जोडला गेला होता. 1999 साली आदिलाबाद त्यातून वेगळे झाले आणि त्याला स्वतःचा बिशप मिळाला. तिकडची भाषा तेलुगू.