रुचिपरीक्षेचे बदलते निकष : 'इंडिया पेल एल'चे उदाहरण

एखाद्या पदार्थाचे नाव दोन शतके टिकले म्हणजे त्याची चवही टिकली असावी, असे गृहीत धरण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकास सहसा आवरत नाही. 'इंडिया पेल एल' या कडवट बीअरच्या बाबतीत तो विशेष घातक ठरला आहे. नाव तेच राहिले असले, तरी तिचा बरेवाईटपणा ठरविण्याचे मुख्य निकष एकोणिसाव्या शतकातील निकषांच्या जवळजवळ उलट झाले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम एका आख्यायिकेचा परामर्श घेणे इष्ट होईल. लंडनच्या पूर्वेस बो येथे १७५२ साली धंदा सुरू करणाऱ्या जॉर्ज हॉजसनने हिंदुस्थानच्या प्रवासात टिकेल अशी एक नवी, जहाल बीअर शोधून काढली, असे सांगितले जाते. यास पुरावा नाही. पोर्टर ही काळी बीअरदेखील हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. उष्ण देशांकडे जाणाऱ्या बीअरमध्ये हॉपच्या वेलीची फुले अधिक घालावीत, ही गोष्ट १७६० च्या दशकातच इंग्लंडात माहीत होती. शिवाय पुढे नावारूपास आलेल्या या बीअरमधील मद्यार्क सुमारे सहा ते साडेसहा टक्के, म्हणजे त्या काळाच्या मानाने बेताचाच. हॉजसनला साहाय्य झाले ते कल्पकतेपेक्षा भूगोलाचे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरत, ती ब्लॅकवॉलची गोदी त्याच्या कारखान्यापासून जवळ होती. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा असे, आणि हा कारखाना त्यांना लांब मुदतीची उधारी देई. उधारीचे हे महत्त्व चवीचा इतिहास लिहिणारे सहसा विसरतात.

खरा बदल घडे तो समुद्रावर. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास चार ते सहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. लाकडी पिंपांतील बीअर उष्णतेत व हेलकाव्यांत संथपणे आंबत राही, हॉपचा ताजा सुगंध ओसरे आणि कडवटपणाची धार बोथट होई. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या गोऱ्या ग्राहकापुढे येई ती अशी मुरलेली बीअर. रंग फिकट आहे काय, पेय नितळ आहे काय, फेस येतो काय आणि मुख्य म्हणजे ते आंबट तर झाले नाही ना, एवढे तो पाहत असे. ताजेपणाची अपेक्षा त्याने कधी केलीच नाही.

१८२० च्या दशकाच्या आरंभी कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन येथील सॅम्युएल ऑलसॉप यास या व्यापारात उतरण्याचे सुचविले. ऑलसॉपच्या जॉब गुडहेड या कारागिराने हॉजसनची बीअर चाखताच थुंकून टाकली आणि नंतर तशीच बीअर चहाच्या किटलीत करून दाखविली, अशी कथा आहे. किटलीबद्दल साशंक राहणेच बरे. बर्टनच्या पाण्याबद्दल मात्र शंका नको. त्यात जिप्समपासून आलेले सल्फेट विपुल असल्याने हॉपचा कडवटपणा स्वच्छ व कोरडा लागतो, आणि या बाबतीत बोचे पाणी बर्टनशी स्पर्धा करू शकले नाही. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव मात्र १८२९ साली सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत आढळते, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

आता आजची परीक्षा पाहू. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाचा हॉपचा वाण प्रसृत झाला आणि संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा त्याचा वास तेथील लहान कारखान्यांच्या बीअरची ओळख बनला. १९८५ साली स्थापन झालेल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात : सुगंधास १२, चवीस २०, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणास ५, एकंदर परिणामास १० आणि रूपास अवघे ३. ज्या नितळ फिकटपणावरून कलकत्त्याचा ग्राहक पारख करी, त्याला आता हे स्थान! उलट हॉपची सुगंधी तेले काही महिन्यांतच विरतात किंवा बिघडतात. म्हणून सहा महिने प्रवास केलेल्या पिंपास आजचा परीक्षक 'शिळे' म्हणून खालचे गुण देईल.

किण्वाच्या बाबतीत हा विरोध अधिक ठळक होतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग येथील नील्स क्लाउसेन याने १९०४ मध्ये ब्रेटॅनोमायसीस हे रानटी किण्व वर्णिले. दीर्घकाळ मुरणाऱ्या इंग्रजी बीअरची खास चव त्याच्यामुळेच येते, असे त्याचे प्रतिपादन होते आणि नावातही त्याने ब्रिटनचाच निर्देश केला. अमेरिकन धाटणीच्या इंडिया पेल एलमध्ये त्याच किण्वाचा वास आला, तर परीक्षक त्याची नोंद दोषांच्या रकान्यात करतो.