माजघरातून वॉर्डात

परवाची गोष्ट. माझी भाची पेढे घेऊन घरी आली, पण तोंड मात्र उतरलेले. नर्सिंगची परीक्षा देऊन तिला चार वर्षे झाली. इतके दिवस ती लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करी. आता एका मोठ्या इस्पितळात तिची नेमणूक झाली आहे. म्हणाली, "मामा, मला भीती वाटते. घरी एकच आजी, तिचा स्वभाव मला पाठ. तिथं ओळीनं खाटा. माझ्याच्यानं होईल का?"

मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला स्वतःची नाडीसुद्धा धड सापडत नाही! पण ही भीती मला ओळखीची वाटली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती पुण्यात येऊन गेली आहे. ती हकीगत, वाचकहो, आपणही ऐका.

पूर्वी आपल्याकडे आजारी माणसाची जागा माजघरात, आणि त्याचे करणारी बाई घरचीच. काढा उकळायचा, पथ्याची पेज करायची, बाळंतिणीची शेकशेगडी पाहायची. पांढरपेशा घरांत हे सारे पुष्कळदा विधवेच्या वाट्याला येई. तिला ना पगार, ना नाव. हाताला गुण मात्र असे.

ससून रुग्णालय पुण्यात १८६७ साली उभे राहिले, तरी तिथे जाणे पुष्कळांना जिवावर येई. त्यात १८९७ साली प्लेग आला. घरे तपासून माणसांना जबरीने प्लेगच्या इस्पितळात नेऊ लागले, आणि इस्पितळ या शब्दाचाच लोकांनी धसका घेतला. याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. धसका खोटा नव्हता आणि सेवाही खोटी नव्हती.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले. रमाबाईंनी न्यायमूर्तींचे दुखणे स्वतः काढलेले. घरची शुश्रूषा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. बायकांना परिचारिकेचे शिक्षण देऊन त्यांच्या पायावर उभे करावे, असे त्यांच्या मनात होते. पण शिकायला कुणी येईना! विटाळ होईल, परपुरुषाला हात लावावा लागेल, रात्री घराबाहेर राहावे लागेल, ही कारणे लोक उघड सांगत. मला वाटते, मनात आणखी एक असावे: चार माणसांच्या घरात केलेले मला शंभर परक्या माणसांत जमेल का?

रमाबाईंनी नुसता उपदेश केला नाही. संस्थेने शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृह काढले. वॉर्डातून थकून आलेल्या बाईला तिच्यासारख्याच चौघी भेटतील, अशी सोय केली. एक आठवण सांगतात. समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली, तेव्हा कॉलेजातली काही पोरे हसली. रमाबाईंनी भर सभेत त्यांची कानउघाडणी केली. कॉलेजात शिकवणारा म्हणून ही आठवण वाचताना माझीच मान खाली जाते.

विलायतेतही वाट सोपी नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल घरच्यांची नि गावच्यांची शुश्रूषा करी तोवर ठीक होते. इस्पितळात जाते म्हणताच आई आणि बहीण अडून बसल्या. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तिच्या नावाची शाळा निघाली. त्याच सुमारास आलेले तिचे शुश्रूषेवरचे पुस्तक मात्र मुख्यतः घरी आजाऱ्याचे करणाऱ्या बायकांसाठी होते. त्यात ती एक मार्मिक गोष्ट सांगते. आपण समोर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे, हेच खरे कसब.

घर आणि वॉर्ड यांत फरक आहे तो एवढाच. घरी सारे एकीच्या लक्षात असते, वॉर्डात ते कागदावर असावे लागते. ताप किती, औषध केव्हा दिले, लघवी झाली का, हे लिहायचे आणि पाळी बदलताना दुसरीला समजावून द्यायचे. मी भाचीला म्हटले, "अगं, तिथं तू एकटी नसशील. घरी रात्री दोन वाजता आजीचा श्वास अडला तर तू कुणाला विचारायचीस? वॉर्डात हाक मारायला सिस्टर असते. अडलं तर विचार, लाजू नकोस. आणि घरची एक सवय सोडू नकोस. खाटेच्या नंबरानं नको, नावानं हाक मार."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या पहिल्या बायकांना भीती वाटली असेल का हो?"

वाटली असणारच. पण दप्तरात परीक्षांची नोंद राहते, छातीतल्या धडधडीची राहत नाही. म्हणून मागून येणाऱ्या प्रत्येकीला वाटते, घाबरणारी मीच पहिली.

सोमवारी सकाळी तिची पहिली पाळी आहे. आपल्याही घरातून कुणी अशी निघाली असेल, तर तिला धीर देताना ही हकीगत जरूर सांगा.