कुणाच्या दंडातून कुणाच्या दंडात

माझ्या वडिलांच्या दंडावर दोन गोल, खोलगट व्रण आहेत. आमच्या शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत त्यांच्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर ते दिसतात. माझ्या दंडावर खूण आहे ती क्षयाच्या लसीची. देवीची लस माझ्या पिढीला टोचलीच नाही, कारण रोगच उरला नव्हता. आजीच्या तोंडावर मात्र देवीचे वण होते. १९५६ नंतर तिने देव्हाऱ्यातले टाक शिवडीच्या खाडीत सोडले. पण लहानपणच्या त्या आजाराविषयी बोलताना 'मला देवी आल्या होत्या' असेच ती म्हणे. दुसरा शब्द तिने आणायचा तरी कुठून? आपल्या भाषेने रोगालाच देवता करून ठेवले आहे.

या लसीचा इतिहास लिहिताना एडवर्ड जेन्नरचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. १४ मे १७९६ रोजी त्याने एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातला. हा मुलगा एका मजुराचा होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. प्रयोगासाठी दंड कुणाचा मिळतो, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हिंदुस्थानात ही लस प्रथम यशस्वी झाली ती आपल्या मुंबईत. व्हिएन्नाहून बगदाद, बगदादहून बसरा आणि तेथून जहाजाने वाळवलेली लस येथे आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. ही एका चाकराची मुलगी. तिच्या फोडातील द्रव काढून इतर मुलांना टोचला आणि त्यांच्यापासून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी लस पसरत गेली.

ही पसरण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळी बर्फपेटी नव्हती. उन्हात लस मरून जाई. तेव्हा तिला जिवंत ठेवणारी एकच कुपी होती, ती म्हणजे लहान मुलाचा दंड. टोचल्यानंतर आठवड्याने फोड भरला की तो फोडून आतला द्रव दुसऱ्या मुलाला द्यायचा, त्याचा तिसऱ्याला. ही साखळी तुटू द्यायची नाही. १८०३ साली स्पेनच्या राजाने अमेरिकेतील आपल्या वसाहतींकडे लस धाडली ती २२ अनाथ मुले जहाजात घालून. ज्यांना हाक मारणारे कुणी नाही, त्यांचेच दंड समुद्र ओलांडण्यासाठी निवडले गेले.

आपल्याकडे या साखळीत जात आडवी आली. लस टोचणाऱ्यांना द्रवासाठी मुले मिळत ती बहुधा गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची. कधी आईबापांच्या हातावर चार पैसे ठेवून ती आणली जात. भरलेला फोड उकरताना मूल कळवळे. म्हणून हे आईबापही नाखूष असत, आणि त्यांचे काय चुकले? उलट सवर्ण घरांतून तक्रार येई ती वेगळीच : खालच्या जातीच्या पोराच्या अंगातले आमच्या पोराच्या अंगात नको. पाण्याचा विटाळ, सावलीचा विटाळ, तसाच हाही. विहिरीवर पहारा ठेवता येतो. परंतु एका मुलाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात गेलेल्या थेंबाची जात विचारणार कशी?

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने टोचणी सक्तीची झाली. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले आणि मुलांच्या दंडांची ही राबणूक थांबली. तेव्हाही विरोध संपला नाहीच; गांधीजींनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात या लसीला किळसवाणा उपाय ठरविले. पण कायद्याने म्हणा, धाकाने म्हणा, लस घरोघर गेली. भारतातील देवीची शेवटची रोगी १९७५ च्या मे महिन्यात आसामात सापडली. १९८० साली जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले.

वडिलांना मी एकदा विचारले, टोचल्याचे आठवते का? ते तेव्हा गावीच होते, शिवडीला पुढे आले. दातेरी चकती दंडावर दाबून फिरवीत, ती दुखे. शाळेत मास्तर त्यांची पाटीसुद्धा हातात घेत नसत, लांबूनच तपासत.

"दुखलं तर फारच," ते म्हणाले. "पण त्या टोचणाऱ्यानं माझा हात धरला होता. पोरं बघत होती, मास्तर बघत होते. चांगला घट्ट धरला होता."